पायरीवरची मुलगी

श्टाइनहाल्डे, ११ ऑक्टोबर १९७४

प्रिय फ्रीडेरिके,

तुझा सिनेमा मुन्सिंगेनला लागलाय, हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. कळलं शेजारच्या क्नाउसबाईकडून. दुकानात आली, लिव्हरचं सॉसेज मागितलं आणि मी सुरी लावतोय तेवढ्यात म्हणाली, "गोटहिल्फ, तुझी पोरगी वेडी झालीय म्हणे."

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"नेगेलेच्या थेटराची भिंत म्हणते. हा एवढा चेहरा लावलाय तिचा, डोळे असे फाडलेले. खाली लिहिलंय, कच्च्या मनाच्या माणसांनी आत येऊ नये."

"मग तू जाऊ नकोस," मी म्हणालो. दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, पण सुरी तिरकी गेली आणि तिला मागितल्याच्या दीडपट तुकडा मिळाला. मी तो तसाच बांधून दिला.

तर आम्हाला कळलंय, एवढंच सांगायला हे पत्र. मी जाणार नाही. एक तर मी चर्चच्या पंचमंडळात आहे. असल्या सिनेमाला मला कुणी पाहिलं तर पाद्रीबाबा वर्षभर माझ्याकडे बघूनच प्रवचन देतील. आणि दुसरं म्हणजे, घर सोडताना तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. "या घरात माणसं बोलत नाहीत, नुसतं मांस खारवतात," असं म्हणून तू बॅग उचललीस आणि म्युनिकच्या गाडीत बसलीस. त्यानंतर नाताळला एक कार्ड, वाढदिवसाला एक कार्ड. ठीक आहे. मांस खारवणाऱ्याने नाटकवाल्यांच्या गोष्टीत तोंड घालू नये.

आई बरी आहे. कंबर दुखते, पण सांगत नाही. सफरचंदं यंदा उदंड आलीत, निम्मी किडकी. सिनेमाचं तिला मी बोललो नाही. क्नाउसबाईलाही तोंड बंद ठेवायला सांगितलंय, म्हणजे आता फक्त अर्ध्या गावालाच माहीत असेल.

तुझे वडील

ता. क. बुधवारी मला खिम्याच्या यंत्राचं पातं आणायला मुन्सिंगेनला जावं लागणार आहे. त्याचा वरच्या मजकुराशी काही संबंध नाही.


श्टाइनहाल्डे, १७ ऑक्टोबर १९७४

प्रिय फ्रीडेरिके,

पात्याचं दुकान बुधवारी दुपारी बंद असतं. हे मला दुकान सुरू केल्यापासून माहीत आहे, पण काल नेमकं लक्षात राहिलं नाही. वर पाऊस. परतीची बस पाचला. माणसाने मधला वेळ कुठेतरी बसायला हवं की नाही?

नेगेलेने मला लगेच ओळखलं. त्याच्या लग्नातलं डुक्कर मीच कापलं होतं. म्हणाला, "तू आलास होय! ये, ये. मी तर फसलोय बघ. यादीत लिहिलं होतं, भयपट. मला वाटलं, दात असतील, थडगी असतील, तरणी पोरं उड्या मारत येतील. आली, आणि 'रक्त कधी, रक्त कधी' म्हणून ओरडायला लागली. रक्त काही येईना. मग हळूहळू पोरं ओरडायचीच थांबली. खरं सांगू का गोटहिल्फ, मला त्या गप्प पोरांचीच भीती वाटली." आता तो तुझा सिनेमा फक्त बुधवारी दुपारी लावतो. बाकी दिवस घोडे आणि बंदुका.

आत मी, आणि पुढच्या रांगेत कुणीतरी झोपायला आलेला म्हातारा. मी शेवटच्या खुर्चीत बसलो. दाराजवळ, म्हणजे नको वाटलं तर उठता येईल.

मी उठलो नाही.

फ्रीडेरिके, मी चौदाव्या वर्षापासून जनावरं कापतो. रक्ताची मला भीती नाही, रक्त म्हणजे माझ्या लेखी पाण्यासारखं. तुझ्या सिनेमात एक थेंब नव्हता आणि मी खुर्चीचा हात असा धरला होता की रात्री जेवताना बोटं दुखत होती. त्यात होतं तरी काय? एक बाई. एक घर. नवरा कामावर जातो, बाई जिना झाडते आणि एके दिवशी तिला वरच्या बाजूला एक दार दिसतं, जे काल नव्हतं. आत रिकामी खोली. एक लहानशी खाट. बस, एवढंच. आणि ती बाई काय करते, तर घाबरत नाही, किंचाळत नाही. कमरेला फडकं खोचते आणि ती खोली पुसायला लागते. रोज. रोज स्वच्छ खोली पुन्हा पुसते, धुतलेली चादर पुन्हा धुते. नवऱ्याला ते दार दिसतच नाही. तो म्हणतो, "वर काय करतेस?" ती म्हणते, "माळा आवरतेय." आणि मग दोघं जेवतात. तो मीठ मागतो, ती देते. ते मीठ देणं बघून माझ्या पाठीतून कळ गेली. का, ते विचारू नकोस. मला सांगता येणार नाही.

ती बाई तू होतीस, हे मी थोड्या वेळाने विसरलो. म्हणजे आधी सारखं वाटत होतं, ही आपली पोरगी, हिचं नाक बघ, हे माझंच नाक. मग तू चादरीची घडी घातलीस. दोन टोकं हातात, मधली घडी हनुवटीखाली दाबून धरलेली आणि वरून हात खाली येतात. आपल्या घरात तशी घडी कोण घालतं, हे तुला मी सांगायला नको. त्या क्षणी माझी पोरगी पडद्यावरून गेली आणि दुसरंच कुणीतरी आलं. तुला हे कुणी शिकवलं? तो तीलमान का कोण दिग्दर्शक आहे, त्याने? त्याने आपलं घर कधी बघितलं?

आणि ते, जिथे तू गुडघे टेकून रिकाम्या गादीला कान लावतेस. काहीतरी ऐकतेस. मग एक हात वर करतेस, सगळ्या जगाला गप्प बसवल्यासारखा, आणि हसतेस. देवा! मी लढाई पाहिलेला माणूस आहे. असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. ते भयंकर होतं आणि त्याच्यावरून नजर काढवत नव्हती. पुढे झोपलेला म्हातारा त्या वेळी जागा होता. मला त्याची मान दिसत होती, ताठ.

त्या पायरीवरच्या मुलीबद्दल मी लिहीत नाही. ती जेव्हा जेव्हा आली तेव्हा मी डोळे मिटले. दाराकडे पाठ करून, आपल्याकडे तोंड करून नुसती बसलेली. एवढीशी पोर आणि म्हाताऱ्याचे डोळे. कुठून शोधली तिला? तिच्या आईबापांना माहीत आहे का ती कशात काम करते?

बस मिळाली. बसमध्ये काय झालं आठवत नाही. घरी आलो तर आईने विचारलं, "पातं कुठाय?" मी म्हटलं, दुकान बंद होतं. ती म्हणाली, "बुधवारी बंदच असतं." मसूर आणि श्पेट्झलेच्या जाड शेवया वाढल्या. मी मीठ मागितलं नाही.

तो तीलमान माणूस बरा आहे का? तुम्हाला जेवायला वेळेवर देतो का? तू फार वाळलेली दिसलीस. की तेही सोंगच?

तुझे वडील


श्टाइनहाल्डे, २४ ऑक्टोबर १९७४

प्रिय फ्रीडेरिके,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने दुकानात, सगळ्यांसमोर दिलं. क्नाउसबाईने मान लांब केली, पण तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

"बाबा, तू गेलास यावर विश्वास बसत नाही. आईला दाखवू नकोस. काहीही झालं तरी नको." एवढीच ओळ. बाकी कार्डावर म्युनिकचा मनोरा.

नाही दाखवणार. तेवढं मलाही कळतं. घडी मी ओळखली, तर ती ओळखणार नाही का? बाकीचं काय ओळखेल, ते मला माहीत नाही आणि मला ते माहीत करून घ्यायचं आहे की नाही, हेही माहीत नाही. कार्ड माझ्या आतल्या खिशात आहे.

आता हे वाचून हसू नकोस. काल मी पुन्हा गेलो. पातं आणलं होतं, पण ते चुकीच्या मापाचं निघालं, म्हणून बदलायला. नेगेलेने तिकीटही फाडलं नाही, नुसती मान हलवली.

या खेपेला मी पायरीवरच्या मुलीला डोळे उघडे ठेवून बघितलं. आधी ती सगळ्यात खालच्या पायरीवर असते, मग मधल्या, मग थेट दारापाशी. शेवटी नवऱ्याला संशय येतो आणि तो पहिल्यांदा जिना चढायला लागतो. आत तू गादीला कान लावून. आणि ती पोरगी काय करते, तर उठत नाही, फक्त दोन्ही हात पसरते. एक भिंतीला, एक कठड्याला. नवरा तिच्यापर्यंत येतो. त्याला ती दिसत नाही, तरी तो थांबतो. कपाळावरून हात फिरवतो, काहीतरी विसरल्यासारखा, आणि खाली उतरतो. मग पडद्यावर नुसती भिंत राहते. दार नाही, पायरी नाही, पोरगी नाही. खाली तो एकटा जेवतोय, त्याच्या चमच्याचा आवाज. आणि सिनेमा संपतो.

दिवे लागल्यावर नेगेले आत आला. म्हणाला, "ती पोरगी म्हणजे सैतान, नाही का? बाईला आत कोंडणारा?" मी म्हटलं, असेल. पण सैतानाचे मोजे असे घसरलेले नसतात, असं मला वाटत राहिलं.

फ्रीडेरिके, मी शिकलेला माणूस नाही. सिनेमा चांगला की वाईट, हे मला विचारू नकोस. पण आपल्या इथे गुहा आहेत ना, जिथे तुमची शाळेची सहल जायची. वरून बघितलं तर मेंढ्या चरतात, गवत, काही नाही. आणि खाली उतरलं की एवढी मोठी पोकळी की चर्च मावेल. पहिल्यांदा मी उतरलो तेव्हा टोपी काढली होती, का ते न कळता. काल थेटरातही मी टोपी मांडीवर घेऊन बसलो होतो.

ही पोकळी माझ्या पोरीने कुठून आणली? माझ्या घरातून तर नाही ना?

तुझे वडील


श्टाइनहाल्डे, २७ ऑक्टोबर १९७४, रविवार

रीके,

मी शब्द मोडला. म्हणजे मोडला नाही, तो माझ्या नाकातून बाहेर पडला. काय झालं ते सरळ सांगतो.

काल दुपारी आम्ही दोघं मागच्या खोलीत सॉसेज भरत होतो. मी भरतोय, आई दोरा बांधतेय. नेहमीप्रमाणे कुणी बोलत नव्हतं. तेवढ्यात तिचा हात थांबला. मला वाटलं कंबर.

"हे कुठे ऐकलंस?" ती म्हणाली.

"काय?"

"हे. जे तू नाकातल्या नाकात म्हणतोयस."

मी गुणगुणत होतो हे मलाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "असेल काहीतरी रेडिओवरचं."

"रेडिओवर हे लागत नाही," आई म्हणाली. "हे माझं आहे."

तिने दोरा खाली ठेवला, हात पुसले आणि उलट्या बादलीवर बसली. "मी जुळवलं होतं ते. आल्ब्रेख्टसाठी. तो गेल्यावर कुणासमोर म्हटलं नाही. तू तर ते ऐकलंही नसशील, तू दुकानात असायचास. सांग, गोटहिल्फ, कुठे ऐकलंस?"

रीके, आल्ब्रेख्टचं नाव. घटसर्पाने तुझा तो चार वर्षांचा भाऊ गेला, त्या हिवाळ्यानंतर आम्ही दोघांनी ते नाव एकमेकांसमोर घेतलं नव्हतं. ठरवून नव्हे. एकाने घेतलं नाही म्हणून दुसऱ्याने घेतलं नाही. त्याची वरची खोली मी वसंतात रिकामी केली, मसाल्याची पोती ठेवली, कारण ती कोरडी खोली आहे. तू तेव्हा सहा वर्षांची. तुला काही आठवत नसेल असं मी धरून चाललो होतो.

मी म्हटलं, "रीके गुणगुणते. सिनेमात. चादरीची घडी घालताना."

मग सगळंच सांगावं लागलं. पातं, बुधवार, नेगेले. तुझं कार्डही दिलं. तिने ते वाचलं, दोनदा वाचलं, मग एप्रनच्या खिशात घातलं.

"मला दाखवू नकोस म्हणते," आई म्हणाली.

"काळजीपोटी म्हणते."

"ते कळतंय मला. मी काय आता फुटणार आहे? काचेची आहे मी?" मग म्हणाली, "सिनेमात ती आणखी काय करते?"

मी सांगितलं नाही, रीके. ते कान लावणं, ते हसणं, ते मी नाही सांगितलं. मला वाटत होतं, ते त्या तीलमानच्या डोक्यातून आलंय. पण सिनेमात आणखी काही आहे हे माझ्या तोंडावर तिला दिसलं असावं. कारण ती उठली, दोरा उचलला आणि म्हणाली, "पातं बसलं का नीट?"

"बसलं की."

"नाही बसलं," आई म्हणाली. "बुधवारी पुन्हा बदलायला जाऊ. दोघं."

आज चर्चमध्ये तिने एकही स्तोत्र म्हटलं नाही. ओठ हलत होते, पण ते दुसरंच काहीतरी होतं. तू फोन करून तिला थांबव, असं लिहिणार होतो. पण पत्र पोचेपर्यंत आम्ही जाऊन आलेले असू, आणि खरं सांगायचं तर मी तिला थांबवावं असं मला वाटत नाही. ज्या बाईने कधी काही मागितलं नाही तिने एक गोष्ट मागितली आहे.

बाबा


श्टाइनहाल्डे, ३१ ऑक्टोबर १९७४

रीके,

आम्ही जाऊन आलो. आधी हे लिहितो, की आई ठीक आहे. स्वयंपाकघरात आहे, भांडी आपटतेय. म्हणजे खरंच ठीक आहे. आता क्रमाने.

तिने चर्चचा काळा कोट घातला. बसच्या थांब्यावर क्नाउसबाई उभी, तिनेही चर्चचा कोट घातलेला. "तुम्ही जाताय तर मीही येते," म्हणाली, "एकट्याने जायची हिंमत नव्हती." नेगेलेने आम्हाला तिघांना बघितलं आणि दाराशी हात जोडून उभा राहिला, प्रेतयात्रा आल्यासारखा. आत ट्युबिंगेनहून आलेले दोन विद्यार्थी होते, एक मुलगा, एक मुलगी. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे तुझं नाव कुठेतरी छापून येतं, हेही मला परक्याकडूनच कळायचं.

आई मधोमध बसली. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि पूर्ण वेळ तिच्याकडेच बघत होतो. घडीच्या वेळी तिने फक्त हनुवटी थोडी खाली घेतली. गुणगुणण्याच्या वेळी डोळे मिटले. मग ते आलं. तू गुडघे टेकलेस, गादीला कान लावलास, हात वर केलास आणि हसलीस. क्नाउसबाईने माझी बाही पकडली. मी आईचा हात धरायला गेलो, तर तो मांडीवर नव्हता. तो वर होता, रीके. हवेत. तुझ्यासारखाच. अंधारात दोन हात वर, एक पडद्यावर, एक माझ्या शेजारी.

मला समजलं. तीलमानच्या डोक्यातलं नव्हतं ते.

मग पायरीवरची मुलगी आली. मागून त्या विद्यार्थ्याने आपल्या मैत्रिणीला हळूच सांगितलं, "बघ, हे ते भूत." आणि तुझी आई, जी चर्चमध्ये खोकतानाही तोंडावर रुमाल धरते, ती मोठ्याने म्हणाली, "भूत कसलं? ती माझी रीके आहे."

कुणी हसलं नाही.

पुढचा सगळा सिनेमा ती खुर्चीच्या कडेवर बसून बघत होती. नवरा जिना चढला, पोरीने हात पसरले, तो फिरला, भिंत, चमच्याचा आवाज. दिवे लागले. विद्यार्थी गेले नाहीत. आई उठेना. नेगेले झाडू घेऊन आला होता, तो झाडू पाठीमागे लपवून उभा राहिला.

आई त्याला म्हणाली, "तो पायरीचा भाग पुन्हा दाखवता येईल?"

"बाई, रिळं संध्याकाळच्या गाडीने उल्मला जायची आहेत."

"एवढाच भाग."

नेगेले माझ्याकडे बघायला लागला. मग वर गेला. आम्ही ऐकत होतो, डबे उघडल्याचे आवाज, त्याचं पुटपुटणं. पुन्हा अंधार झाला.

पुन्हा तो जिना. आणि या खेपेला आई बोलत होती, हळू, पडद्यावरची नजर न काढता. "मी दुपारी वर जायचे. तुम्ही सगळे खाली कामात. मी गादीला कान लावायचे. त्याचा श्वास ऐकू यायचा मला, गोटहिल्फ. खरंच यायचा. मला वाटायचं, घरात कुणाला माहीत नाही. एकदा दार थोडं उघडं राहिलं होतं. मला बाहेर तिची पाठ दिसली, वेण्या दिसल्या. मला वाटलं, खेळतेय. रोज तिथेच कशाला खेळेल पोर? मी कधी विचारच केला नाही."

पडद्यावर पोरीने हात पसरले. नवरा थांबला. कपाळावरून हात फिरवला.

आणि मला आठवलं. दुकानात गर्दी होती, हिवाळ्यातली. मी तुझ्या आईला हाक मारायला जिना चढलो, रक्ताळलेल्या एप्रनसकट. तू वरच्या पायरीवर. मी म्हटलं, "सरक, वाटेत काय बसलीस?" तू म्हणालीस, "आई झोपलीय. तिला उठवायचं नाही." एवढीशी पोर, पण अशा आवाजात म्हणालीस की मी, गावातला खाटीक, चार पायऱ्या मागे आलो आणि खाली जाऊन एकट्यानेच गिऱ्हाईक केलं. त्यानंतर मला ते कधी आठवलंही नव्हतं. मी मागे फिरलो, पण कुणापुढे फिरलो ते मला माहीतच नव्हतं.

तू त्या खोलीत आत काय चाललंय ते बघितलं होतंस. घाबरली असशील. पोरं घाबरली की पळतात, रडतात, कुणाला तरी जाऊन सांगतात. तू पाठ फिरवलीस, बसलीस आणि आईला तिचा वेळ मिळू दिलास. अख्खा हिवाळा. आणि मग ते कुणालाही न सांगता एवढी वर्षं जपून ठेवलंस आणि एक दिवस अख्ख्या देशाच्या पडद्यावर मांडलंस, तेही असं, की ते बघून लोकांना वाटावं हे भूत आहे, आणि आम्हाला दोघांनाच कळावं ते काय आहे. मी आयुष्यभर जनावरं उघडून आत काय असतं ते बघत आलो. माणसाच्या आत काय असतं ते तू उघडून दाखवलंस आणि एक थेंब सांडला नाहीस. मी तुझा बाप आहे असं सांगायला मला काल पहिल्यांदा संकोच वाटला. अभिमान हा शब्द त्याला पुरत नाही, त्याहून मोठा काहीतरी शब्द हवा. मला तो येत नाही.

बाहेर आलो तेव्हा अजून उजेड होता. त्या विद्यार्थिनीने आईला थांबवून विचारलं, "त्या मुलीचं पुढे काय झालं?" आई म्हणाली, "म्युनिकला असते. नटी आहे." बसमध्ये क्नाउसबाई एक शब्द बोलली नाही. उतरताना फक्त आईचा हात दाबला आणि म्हणाली, "लीडिया, माझंही एक पोर गेलं होतं, युद्धात. मी कणकेच्या परातीत तोंड घालून रडायचे. मला वाटायचं, असं फक्त मीच." आणि घराकडे पळाली.

आज सकाळी आम्ही दोघांनी मसाल्याची पोती खाली आणली. ठरवून नाही. तिने एक उचललं म्हणून मी दुसरं उचललं. काम करता करता आल्ब्रेख्टबद्दल बोललो. "तो बकऱ्याला घाबरायचा, आठवतं?" आई म्हणाली. मला नव्हतं आठवत. आईने सांगितलं, आणि मग मलाही त्याच्या एक-दोन गोष्टी सापडल्या. बोलायला काही लागत नाही, रीके. एकाने सुरू करायचं.

आईला खाली लिहायचं आहे. पेन मागतेय.

बाबा

रीके,

तू दाखवलंस तशी मी हसायचे का, मला माहीत नाही. असेन हसत. तुला भीती वाटली असेल. तरी बसलीस.

मला त्याचा श्वास ऐकू यायचा तो खोटा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दुपारी थोडा वेळ मला तो हवा असायचा आणि मिळायचा. तो मला देवाने दिला असं मी धरून होते. कुणी दिला ते काल कळलं.

सिनेमात शेवटी दार नाहीसं होतं आणि ती बाई आतच राहते. चांगलं केलंय, माझ्या अंगावर काटा आला. पण तसं झालं नाही. मी बाहेर आले. वसंतात आले, तुझ्या शेजारून जिना उतरले, खाली जाऊन बटाटे सोलायला लागले. तुला ते कुणी सांगितलंच नाही वाटतं. तू अजून तिथेच बसलेली दिसलीस.

आता ऊठ, बाळा. पायाला मुंग्या आल्या असतील.

आई